उसन्या चालीचं भजन

अप्पा, आपलं गाव मी कॉम्प्युटरवर बांधलं. तुम्ही गेलात तेव्हा घरात साधा फोनही नव्हता, त्यामुळे तुम्हाला हे मुळापासून सांगावं लागेल. बस चालवायचा एक खेळ आहे, परदेशातल्या कंपनीचा. पडद्यावर बस दिसते, ती आपण चालवायची, थांब्यावर उभी करायची, माणसं घ्यायची आणि पुढे निघायचं. यात खेळण्यासारखं काय आहे, असं तुम्ही विचाराल. दादानंही तेच विचारलं होतं. पण कामावरून दमून घरी आलेली जगभरची माणसं हौसेनं ही बस चालवतात. रस्ते कंपनीनं केलेले असतात, पण ज्याला आवड आहे त्यानं आपल्या मनचं गाव बांधावं, रस्ता बांधावा आणि इतरांना फुकट द्यावा, अशी सोयही कंपनीनंच ठेवली आहे. मी दिवसभर लातुरात एका इंजिनिअरच्या ऑफिसात लोकांच्या घरांचे नकाशे काढते. हात त्या कामाला सरावलेला, म्हणून सुट्टीच्या दिवशी उदगीरहून आपल्या गावापर्यंतचा रस्ता करायला घेतला. वळणावरची चिंच, पुलाचा तुटका कठडा, आपल्या दुकानाच्या फळ्या, महादेवाचं देऊळ आणि देवळावरचा भोंगा. संध्याकाळची बस गावात शिरली की त्या भोंग्यातून तुमचं भजन लागायचं, कॅसेटवरून उतरवलेलं, तुमच्याच आवाजातलं. अनोळखी देशातली माणसं तुमचं भजन ऐकत आपल्या गावात बस आणून लावत होती. मला किती बरं वाटायचं, ते तुम्हाला नाही तर कुणाला सांगू?

ते भजन तुम्ही कसं बांधलंत ते मला आठवतं. तुम्ही गल्ल्याशी बसलेले आहात, मागे रेडिओ चालू आहे, त्यावर त्या वेळी गाजत असलेलं सिनेमातलं एक गाणं लागलं आहे आणि तुमचा हात शेंगदाण्याच्या पोत्यात तसाच थांबला आहे. समोर काकू, आपल्या शेजारच्या, भजनात टाळ वाजवायच्या त्या, पिशवी धरून ताटकळल्या आहेत. तुम्ही ओठातल्या ओठात गाण्याचे शब्द काढून महादेवाचे घालून बघताय. नायिकेचे डोळे होते तिथे बेलाचं पान बसतं का, तिची वाट बघणं होतं तिथे सोमवार बसतो का. काकू म्हणतात, "अप्पा, आधी शेंगदाणे द्या की. द्येव कुटं पळून चाल्ला?" तुम्ही हसता, शेंगदाणे जोखता आणि पुडीच्या कागदाच्या कोपऱ्यावर लिहिलेली ओळ काकूंच्याच पिशवीतून त्यांच्या घरी जाते. मग मला पळत जाऊन ती पुडी परत आणावी लागते.

गावोगावच्या भजनी मंडळांची ही रीतच होती. चाल सिनेमाची, शब्द देवाचे. आणि छापील पुस्तिकेत प्रत्येक भजनाच्या डोक्यावर 'चाल' असं लिहून त्या सिनेमातल्या गाण्याची पहिली ओळ द्यायची. तुमची पुस्तिका उदगीरच्या छापखान्यात द्यायची होती आणि माझं अक्षर चांगलं म्हणून पक्की प्रत मी करत होते. त्या गाण्याची पहिली ओळ अशी होती की शाळेत कुणी नुसती गुणगुणली तरी आम्ही मुली माना खाली घालून हसायचो. ती मी महादेवाच्या नावाच्या वर कशी लिहू? मी 'चाल' गाळली. तुम्ही कागद पाहिला आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर मला झापलंत. "वर चाल न्हाई लिहिली तर मंडळी म्हन्नार कसं? का तू घरोघरी जाऊन गाऊन दाखवनार? ज्याची चाल घेतली त्याचं गानं वर दिसलंच पाह्यजे. लाज वाटायली तर मी लिहितो, आन हिकडं." मी रडत रडत लिहिलं. तुमच्या डोक्यात काही कायदाबियदा नव्हता. एक सोय होती आणि एक साधी माणुसकी होती, आणि दोन्ही एकाच ओळीत भागत होत्या.

खेळाच्या कंपनीकडून जे पत्र आलं त्यात मात्र चाल कुणाची ते कबूल करून भागण्यासारखं नव्हतं. पत्रात एक गोड बातमी होती आणि एक कडू. गोड अशी, की आपलं गाव त्यांना आवडलं आणि ते मूळ खेळातच घ्यायचं त्यांनी ठरवलं; म्हणजे जो कुणी खेळ विकत घेईल त्याला आपलं गाव मिळणार. कडू अशी, की सिनेमाच्या संगीताचे हक्क असलेल्या कंपनीनं तुमच्या भजनाची चाल ओळखून हरकत घेतली होती. भजन काढा, आणि गावात जे काही उरेल ते सगळं तुमचं स्वतःचं आहे असं सही करून द्या. नाहीतर गावच काढून टाकावं लागेल. भाषा अगदी नम्र होती. मला मात्र ऑफिसात बसल्या बसल्या इतका राग आला की समोरच्या गिऱ्हाइकाच्या नकाशात जिना चुकीच्या बाजूला गेला.

माझी शाळेतली मैत्रीण आता लातूरला वकिली करते. मी तिच्याकडे गेले. ती म्हणाली, "शब्द अप्पांचे. माणूस गेल्यावरही साठ वर्षं त्याचा हक्क राहतो, तो आता तुझा आणि दादाचा. चाल तुमची नाही."

"अगं, पण देवाचं गाणं आहे."

"देवाचं असू दे नाहीतर दंतमंजनाचं असू दे. देवळात बसून म्हणता तोवर कायदाही कानाडोळा करतो. तू ते जगभर विकायच्या खेळात घालायलीस."

मी विचारलं, मग मी बांधलेल्या गावावर तरी माझा हक्क आहे की नाही? ती म्हणाली, तसा आहे, पण खेळ कंपनीचा, गाव बांधायची साधनं कंपनीची आणि त्या साधनांच्या अटी तू न वाचता मान्य केलेल्या आहेस. ते खरंच होतं. हौशी माणसानं दुसऱ्याच्या खेळात काही केलं की ते त्याच्या मर्जीवर उभं असतं, एवढं मला त्या दिवशी कळलं. निघताना तिनंच वाट सुचवली: शब्द ठेव, चाल बदल.

मला ते एकदम पटलं. लातुरातल्या एका गाण्याच्या बाईंकडून मी तुमच्या शब्दांना नवी चाल लावून घेतली. चांगली होती अप्पा, खोटं कशाला बोलू. ती घेऊन सोमवारी गावी गेले. तुमचं मंडळ अजून बसतं. दुकान दादा बघतो आणि पेटीही तोच वाजवतो, तुमच्याइतकी नाही, पण वाजवतो. काकू आता खुर्चीवर बसून टाळ धरतात. मी सगळ्यांना नवी चाल ऐकवली, सगळ्यांनी माना डोलावल्या, दादानं सूर धरला. पहिली ओळ नव्या चालीत निघाली. दुसऱ्या ओळीला मागची एक बाई जुन्या चालीत शिरली, तिसऱ्या ओळीला अख्खं मंडळ जुन्या चालीत आणि टाळ जोरात. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. दादा पेटीवर डोकं टेकून हसायला लागला.

मी काकूंना समजावलं की ही जुनी चाल सिनेमावाल्यांची आहे, म्हणून ती घेता येत नाही. काकूंनी टाळ मांडीवर ठेवले. "सिनेमावाल्याची? आगं, त्यांनीच आपल्या अप्पाची उचलली आसंल!" बायकांनी लगेच री ओढली. आपल्या गावात तर हे भजन किती वर्षांपासून आहे, सिनेमावाल्यांना नाही कुणी पत्र लिहीत? पुस्तिका कधीच संपल्या होत्या, आता सगळं तोंडपाठ चालतं, त्यामुळे भजनाच्या डोक्यावरची ती ओळ ह्यातल्या बऱ्याच जणींनी कधी पाहिलेलीच नव्हती. मी म्हटलं, काकू, सिनेमा आधीचा आहे. तुम्ही शेंगदाण्यासाठी थांबला होतात तेव्हा रेडिओवर तेच गाणं चालू होतं. काकू म्हणाल्या, "आसंल बाई. पर मी रेड्यूकडं ध्यान देत न्हवते. मी अप्पाकडून आईकलं. आन तुझ्या त्या खेळापायी अप्पाचं भजन मी मोडनार न्हाई." आवाज चढवला नाही, पण टाळही पुन्हा उचलले नाहीत. मला त्यांचा राग आला नाही. नवी चाल ऐकताना मलाही दुसऱ्याच गावच्या देवळात बसल्यासारखं होत होतं. पण कंपनीनं दिलेली मुदत जवळ येत होती आणि भजन असेल तर गाव नाही, गाव हवं तर तुमचा आवाज नाही, असा तो पेच होता. गाव मी रस्त्यासाठी बांधलं नव्हतं, देवळासाठीही नाही. तो भोंगा लावता यावा म्हणून खाली एवढं सगळं उभं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादाबरोबर दुकानात बसून मी मूळ कॅसेट लावली. आतापर्यंत मी भजनापासूनच आवाज घेतला होता. त्याच्या आधीचं कधी नीट ऐकलं नव्हतं. आधी तुम्ही माईकवर बोट वाजवता. मग खाकरता. मग म्हणता, "हॅलो. गावातल्या समद्या मंडळीला कळवण्यात येतं की आज सोमवार हाय, सांजच्याला देवळात भजन हाय. बायामानसांनी, लेकराबाळांनी हातातलं काम ठिवून यावं. उशीर करू नये." दादानं साखरेचं माप तसंच धरून ठेवलं होतं. मी तिथूनच मैत्रिणीला फोन केला आणि ऐकवलं. ती म्हणाली, "यात चाल कुठाय? हे अप्पांचंच. दोघं सही करून द्या." आम्ही केली. दादाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं ते मिरचीवर ढकललं.

आता आपलं गाव मूळ खेळात आहे, अप्पा. संध्याकाळची बस शिरते, भोंगा खरखरतो, तुम्ही सगळ्यांना बोलावता, खाली त्यांच्या भाषेत अर्थ दिसतो. मग बसचं इंजिन आणि पाखरं, एवढंच. काकूंना दाखवलं तेव्हा त्या पडद्याला हात लावून म्हणाल्या, "लई दिसानी बोलले."

गेल्या आठवड्यात कंपनीनं मला एका खेळाडूची तक्रार पाठवली. कुठल्याशा थंड देशातला माणूस आहे. त्यानं लिहिलंय, मी बस लावली, खाली उतरलो, देवळासमोर जाऊन उभा राहिलो, खेळातला अंधार पडेपर्यंत थांबलो, पण भजन सुरू झालं नाही. काही बिघाड आहे का? कंपनीला माझं उत्तर हवं आहे. 'बिघाड नाही' एवढंच लिहायचं आहे, आणि तेच मला लिहवत नाही, म्हणून हे पत्र लिहीत बसले, जे कुठेच पाठवायचं नाही. तुमची फार आठवण येते. आणि एक गोष्ट त्या माणसाला कळवता येणार नाही, तुम्हाला सांगते: भजन मी माझ्या हातानं कापलंय, तरी ऑफिसातून आल्यावर मीही बस लावते, उतरते आणि देवळासमोर जाऊन थांबते.