मधल्या रांगेतली डावी सीट

३ मार्च

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि ते तुम्ही कबूलही करत नाही, म्हणून हे पत्र. परवा मी घसा फोडून सगळं सांगितलं आणि शेवटी तुम्ही विचारलंत की बाकी काय विशेष. तेव्हा आता चष्मा लावून नीट वाचा.

आपल्या ठकीला अकरावं सरून बारावं लागलं. आजारानं अंगातली ताकद चाललीय, उंची मात्र वाढतेय. आमची गाडी ही एवढीशी, बुटकी. पोरीला चाकाच्या खुर्चीतून उचलायचं, तसंच वाकायचं आणि खाली सीटवर ठेवायचं. गेल्या आठवड्यात शाळेच्या फाटकापाशी माझी कंबर धरली. ती अर्धी गाडीत, अर्धी माझ्या हातात. रखवालदार धावत आला म्हणून निभावलं. आणि कार्टी उलट मलाच विचारत होती की फार दुखतंय का. घरी आल्यावर मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

तेव्हापासून शाळा बंद आहे. डॉक्टरांनी मला वजन उचलायला साफ मनाई केलीय आणि ह्यांची ड्यूटी पहाटेची. शाळा हेच तिचं जग आहे हो, बाबा. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असते. हाक मारली की हसते, तेच मला बघवत नाही.

म्हणून एसयूव्ही घ्यायची ठरवलीय. नवी झेपणार नाही, जुनीच बघायची. सीट चाकाच्या खुर्चीच्या उंचीची हवी, म्हणजे मध्ये फळी टाकून तिला नुसतं सरकवता येईल. मागे ती खुर्ची घडी करून मावायला हवी. ह्यांना छतात काच असलेली हवीय, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. ठकीला लाल हवीय. तुम्ही जन्मभर गाड्यांची सीट कव्हरं शिवलीत, जुन्या गाड्यांचे सगळे दलाल तुमच्या दुकानात चहाला टेकतात. तुम्हीच बघा, पण लवकर बघा.

जेवणाच्या वेळा पाळत जा. माया आहेच, ती कमी होऊ देऊ नका.

तुमची,
बाळी


११ मार्च

चि. बाळीस,
अ. उ. आ.

ऐकू मला व्यवस्थित येतं. तूच फोनवर कुजबुजतेस.

गाड्या बघतोय. पहिलीचा मीटर असा की गाडी जणू कपाटात घालून ठेवलेली. पण ड्रायव्हरच्या सीटची कड पार झिजून स्पंज बाहेर आलेला. मीटर मागे फिरवता येतो, सीट कशी फिरवणार? दुसरीचं कार्पेट उचललं तर खाली वाळलेला गाळ. पुरात बुडालेली गाडी, वरून अत्तर मारलेलं. हिला निदान पोहता तरी येतं का, असं मी दलालाला विचारलं, तर तो चिडला. जावईबापूंना सांग, छतात काच असलेलीही बघितली. पाणी गळून गळून तिची मागची सीट कुजली होती.

तिसरी एका घरी जाऊन बघितली. बँकेत नोकरी करणाऱ्या एक बाई आहेत, एकट्याच राहतात. गाडी एकाच हातातली, सर्व्हिसिंग वेळच्या वेळी केलेलं, टायर चांगले, किंमत आपल्या आवाक्यातली. सीटची उंची टेप लावून मोजली. ठकीच्या खुर्चीला तंतोतंत. मी मनातल्या मनात पसंतसुद्धा केली होती. मग मागचं दार उघडलं तर मधल्या रांगेतली डावी सीट मुद्दाम करून घेतलेली. दाराशी सरकायची फळी, छातीला रुंद पट्टा. मी सहज विचारलं. बाई म्हणाल्या की मुलाला ताकद जायचा आजार होता. गेल्या वर्षी गेला.

मी किल्ली परत दिली आणि निघालो. जिथून एक लेकरू उठून गेलं, त्या जागेवर मी माझी ठकी बसवणार नाही. खुळा म्हण, म्हातारा म्हण. दुसरी बघतो.

कंबर शेकत जा. ठकीला गोड पापा.

तुझा,
बाबा


१६ मार्च

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र ठकीच्या हाती लागू दिलं नाही. मला तुमचा राग आला, मग तुमच्यासाठीच वाईट वाटलं, आणि आता परत राग आलाय. त्या रागातच लिहितेय, चूकभूल पोटात घाला.

ह्यांनी दलालाकडून त्या बाईंचा नंबर मिळवला आणि मी त्यांच्याशी बोलले. मुलगा ठकीपेक्षा मोठा होता. त्याच सीटवर बसून तो शेवटपर्यंत शाळेत गेला, परीक्षेला गेला, समुद्र बघायला गेला. मी ऐकत होते आणि मला हेवा वाटत होता. मुलगा गमावलेल्या बाईचा हेवा! बघा तुमची लेक कुठवर आलीय ते.

आता जे तुमच्यापासून लपवलं ते सांगते. ठकी बरी होईल का, हे डॉक्टरांना विचारणं आम्ही केव्हाच सोडलंय. बरी होणार नाही. किती वर्षं, हे ते सांगत नाहीत आणि आम्ही खोदून विचारत नाही. तुम्ही खचाल म्हणून ह्यांनी बोलू दिलं नाही. ती सीट अपशकुनी नाही, बाबा. आजार आपल्या घरात आधीच येऊन बसलाय, तो काही गाडीतून येणार नाही. तिला आहे तोवर शाळेत जाऊ द्या, एवढंच माझं मागणं आहे. तीच गाडी घ्या. पाया पडते.

तुमच्या लोभाची,
बाळी


२४ मार्च

चि. बाळीस,
अ. उ. आ.

पत्र दुकानात वाचलं. शटर ओढून घेतलं आणि बसून राहिलो. गिऱ्हाईक बाहेरून ठोठावून गेलं. मला काही कळत नव्हतं असं नाही ग. कळून घ्यायचं नव्हतं.

गाडी घेतली. समोरच्या मेकॅनिकनं क्लच, ब्रेक, सगळं तपासून दिलंय. नावावर करायचं काम चालू आहे. जावईबापूंनी रविवारी येऊन घेऊन जावी.

आणि एक गंमत आहे, ती ठकीला आत्ता सांगू नकोस. गाडी लाल नाही, करडी आहे. पण डावी सीट मी उसवली. आतला फोम एका अंगाला दबलेला, कडेला खड्डे, मानेपाशी वेडावाकडा. म्हटलं, माझ्या नातीला दुसऱ्याच्या खड्ड्यात कशाला बसवू? जुना सगळा काढून टाकला. पहिल्या प्रतीचा नवा फोम घातला, टेबलासारखा सपाट केला आणि वरून लाल रेक्झिन चढवलं. दुहेरी शिलाई. आता हात थरथरतात, पण टाका एकही चुकला नाही. एवढं चांगलं काम मी आजवर कुणाचं केलं नाही.

कृपा करून मन घट्ट ठेव. मीही ठेवतो.

तुझा,
बाबा


२ एप्रिल

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

सीट बघून ठकी इतकी खूश झाली की तिनं मैत्रिणींना फोटो पाठवले. फळीवरून सरकवणं म्हणजे तर लोण्यातून सुरी. माझ्या कंबरेला कळलंसुद्धा नाही.

पण बाबा, पहिल्याच वळणावर ती दारावर कलंडली. पट्टा आवळला तर गळ्याशी काचायला लागला. उशा लावल्या, त्या सटकल्या. मान सावरता सावरता ती घामाघूम झाली आणि अर्ध्या रस्त्यातून आम्ही मागे फिरलो. दोनदा असंच झालं. शाळा दिसलीही नाही.

शेवटी मी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या की तो फोम दबलेला नव्हता. मुलाचं अंग जसजसं एका बाजूला झुकत गेलं, तसतसा त्यांनीच तो वर्षानुवर्षं थोडा थोडा कोरला होता, बरगडीला, कमरेला, मानेला टेकू मिळावा म्हणून. त्यांनी विचारलं की काढलेला फोम कुठे आहे. बाबांना विचारून सांगते म्हटलं. तुम्ही तो ठेवलाय ना?

हे शनिवारी सीट सोडवून तुमच्याकडे आणतील. आजोबांना यातलं काही सांगू नका, त्यांना वाईट वाटेल, असं ठकीनं बजावलंय. मी सांगितलं. तुम्हाला नाही सांगणार तर कुणाला?

तुमचीच,
बाळी


९ एप्रिल

चि. बाळीस,
अ. उ. आ.

फोम त्याच दिवशी कचऱ्याच्या गाडीत गेला. मी कचरा डेपोपर्यंत जाऊन आलो. तिथे काय सापडणार!

शनिवारी जावई सीट ठेवून गेले आणि मी बाईंच्या घरी गेलो. दारात उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पायात चपला घातल्या आणि माझ्याबरोबर निघाल्या.

दुकानात मी लाल कव्हर उसवलं आणि फोम टेबलावर मांडला. टेप पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. डोळे मिटले आणि फोमवर हात फिरवायला लागल्या. इथे त्याचा खांदा यायचा, इथे कापा. इथे बरगडी, इथे कमी. त्या सांगत होत्या आणि मी सुरीनं कोरत होतो. एका ठिकाणी मी जास्त खोल जायला लागलो तर त्यांनी माझं मनगट धरलं. डोळे मिटलेलेच होते. दुपार कशी गेली कळलं नाही. शेवटी मानेची जागा झाली तेव्हा त्यांनी त्यात आपला हात ठेवला, झोपलेल्या पोराच्या मानेखाली ठेवतात तसा, आणि ठेवूनच दिला. मी पाठ फिरवून सुईत दोरा ओवत बसलो. दोरा जाईना. मला घाईही नव्हती.

मग डोळे पुसून त्या म्हणाल्या की हे माप त्याचं आहे. ठकी लहान आहे, तिला मोठं होईल. आत मऊ स्पंजचे थर लावा, आणि ती वाढेल तसा एकेक काढत जा.

किती लावू, मी विचारलं. त्यांनी स्पंजचा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला.

बाळी, आत जागा कमीच होती. मग मी स्पंज पातळ कापला, माझ्या हाताला जमेल तितका पातळ. पुष्कळ थर बसवलेत.

सोमवारी ठकीला शाळेत पाठव. दोघींवर माझा जीव आहे.

तुझा,
बाबा