माझी लगोरी, तिचं भांडण

४ नोव्हें., मंगळ.
ऑनलाइन लगोरी आजपासून प्रणालीकडे. बॉस म्हणाले, "तीन वर्षं केलंस, आता जरा दुसरं बघ." दुसरं म्हणजे एका बँकेचे फॉर्म! प्रणाली यवतमाळची, मीच शिकवलेली. यापुढे नुसतं प्र. तिच्यावर शाई कशाला घालवा.
खेळाचं दुखणं जुनंच. मारणाऱ्याच्या फोनवर चेंडू लागतो, पळणाऱ्याच्या फोनवर लागत नाही. नेट मागेपुढे. लोकांनी एकेक तारा देऊन शिव्या घातल्या. वर्षभर मी तेवढंच निस्तरत होतो. आता हिला जमणार? बघू.

१० नोव्हें., सोम.
प्र.ने काहीही दुरुस्त केलं नाही. एक बटण टाकलं: 'भांडा'. लागला की नाही यावर वाद झाला की खेळ थांबतो, सगळ्यांचे माइक सुरू, अर्धा मिनिट भांडायचं, मग मतदान. म्हटलं, हा काय पोरखेळ? तर म्हणे, "सर, गल्लीत तरी कोण भांडल्याशिवाय खेळते? भांडू द्या न त्यांना."
कंपनीच्या बसमध्ये वाघोलीपर्यंत हसत आलो.

१४ नोव्हें., शुक्र.
पाच तारे. सगळीकडे पाच तारे. "फक्त भांडायला येतो." "ऑफिसमधला राग इथे काढतो." कँटीनमध्ये प्र.साठी टाळ्या. मीही वाजवल्या. दोन.
घरी अनघा सोफ्यावर बसून फोनमध्ये ओरडतेय, "लागला! डोळे आहेत का तुम्हाला?" तीन वर्षांत बायकोने माझा खेळ एकदाही उघडला नव्हता. "अरे, काय मस्त केलंय तिने!"
तिने.
भूक नाही सांगून उठलो. जळतोय मी. निदान इथे तरी कबूल करतो.

१९ नोव्हें., बुध.
केलं. 'एक जाणकार' या नावाने, एक तारा. "गोंगाट करून दोष झाकू नयेत. सातवा दगड रचताना चेंडू बसला तर तो धरलाच जात नाही. मोजणी सहावर थांबते. कुठल्याही शिकाऊ माणसाला दिसावं."
फार बरं वाटलं. पोहे दुसऱ्यांदा मागून घेतले.

२० नोव्हें., गुरु.
हिंजवडी यायच्या आधी बसमध्येच डोक्यात प्रकाश पडला. मोजणी सहावर थांबते हे खेळताना कळूच शकत नाही. खेळणाऱ्याला वाटणार, नेट गंडलं. ते कळतं फक्त प्रोग्रामच्या आतल्या ओळी वाचल्या तर. वाचल्यात दोघांनीच, तिने आणि मी. लिहिल्यात मी.
काढून टाकायला गेलो, तर खाली तिचं उत्तर.
"बरोबर आहे, जाणकार साहेब. पहिल्याच दिवशी दिसलं होतं. पण ज्यांनी लिहिलं त्यांना विचारल्याशिवाय हात लावावासा वाटला नाही. मी त्यांच्याकडूनच शिकले. उद्या विचारते."
दिवसभर फॉर्म. एक शब्द धड वाचला नाही.

२१ नोव्हें., शुक्र.
प्रणाली डबा घेऊन समोर येऊन बसली. ठेचा पुढे केला. जाणकाराचं नावसुद्धा काढलं नाही. एवढंच, "सर, ते सातव्या दगडाचं... मुद्दाम ठेवलं होतं का तुम्ही?"
म्हणालो, "मुद्दाम."
"बरं सर. मग राहू देते."
आणि खरंच राहू दिलं. संध्याकाळी उघडून पाहिलं, सहावरच थांबतंय. आतमध्ये वर एक नवी ओळ: 'सरांनी विचार करून ठेवलंय, कुणी बदलू नये.'
सोमवारी खरं सांगायला हवं. किंवा जाणकारालाच पुन्हा लिहायला लावावं.