चंद्रूची फायनल आणि पाण्यातले देव

पाया लेबार, सिंगापूर
मंगळवार, संध्याकाळचे सहा

तीर्थस्वरूप बाबूरावदादांना प्रमोदचा साष्टांग नमस्कार. (खरंच घातला असता, पण गेल्या आठवड्यात कंबर धरली आहे, तेव्हा अर्धाच समजावा.) तुमच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं कळलं, बरं वाटलं. म्हणूनच अक्षर एवढं मोठं काढतोय. पानं जास्त झाली तर त्याचं कारण तेवढंच, मी पाल्हाळ लावतो हे नव्हे. मीरावहिनींचा गुडघा काय म्हणतो? त्यांनी पाठवलेलं मेतकूट संपलं असं मी घरात सांगितलं आहे, प्रत्यक्षात अर्धी बरणी माझ्या कपाटात आहे. उल्का ऑफिसच्या कामासाठी जपानला गेली आहे, त्यामुळे दोन दिवस मी माझ्या मर्जीने जेवतोय आणि एकंदरीत सुखी आहे.

आधी मुद्द्याचं सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही मधली पानं सोडून शेवट बघाल. तुमचा धाकटा भाऊ चंद्रशेखर उत्तम आहे. आज सकाळी साडेआठपासून दुपारी बारा वाजेपर्यंत त्याने त्याच्या कॉलेजचा फुटबॉलचा अंतिम सामना बघितला, त्याचं कॉलेज बावन्न गुणांनी हरलं, आणि त्याच्या हृदयाने या गोष्टीची फारशी दखल घेतली नाही. मी जातीने शेजारी बसून होतो. आत्ता घरी येऊन पाय वर करून बसलोय, आणि गेल्या पंधरा दिवसांत पहिल्यांदा मला चहाची चव लागते आहे.

पंधरा दिवस का, ते सांगतो. हा फुटबॉल म्हणजे आपण मळ्यात खेळायचो तो नव्हे. हा अमेरिकन. त्यात पाय क्वचितच लागतो, चेंडू अंड्यासारखा असतो आणि माणसं कपाटासारखी. सहा सेकंद ते एकमेकांच्या अंगावर पडतात आणि मग दोन मिनिटं गोल करून मीटिंग घेतात. (चांगी बिझनेस पार्कातल्या आमच्या ऑफिसात नेमकं असंच चालतं, फक्त ती सहा सेकंदंही नसतात.) चंद्रू पंचवीस वर्षांपूर्वी अमेरिकेत एम.एस. करायला गेला तेव्हा अभ्यासाबरोबर हे वेडही घेऊन आला. अभ्यास पुढे विसरला, वेड राहिलं. आणि या पंचवीस वर्षांत त्याचं कॉलेज एकदाही अंतिम सामन्यापर्यंत पोचलं नाही. ते पोचलं कधी, तर ऑक्टोबरात चंद्रूच्या हृदयात दोन स्टेंट बसल्यावर, बरोबर तीन महिन्यांनी. तिकडची सोमवारची रात्र म्हणजे इथली मंगळवारची सकाळ.

संजीवनीवहिनी सरळ डॉक्टरांकडे गेल्या. (मला साक्षीदार म्हणून बरोबर नेलं, कारण चंद्रू डॉक्टरांचं म्हणणं घरी येईपर्यंत बदलतो.) डॉक्टर चिनी, वयस्कर, अगदी मोजकं बोलणारे. वहिनींनी सगळा खेळ, त्याचा इतिहास आणि नवऱ्याचा स्वभाव त्यांना पंधरा मिनिटं समजावला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “वॉच, कॅन. शाऊट, कॅनॉट.” वहिनी बाहेर येऊन म्हणाल्या, हे म्हणजे घास चावा पण गिळू नका असं झालं. मग त्यांनी घरी बसून नीट विचार केला आणि त्यांच्या लक्षात आलं की खरा धोका हरण्यात नाही. हरला तर दोन दिवस तोंड पाडून बसेल, ते चालवून घेता येईल. धोका चुरशीत आहे. शेवटच्या मिनिटापर्यंत कोण जिंकणार ते कळेना, अशी मॅच झाली तर या माणसाला कोण आवरणार? म्हणून सोमवारी संध्याकाळी त्यांनी देव्हाऱ्यातला गणपती, बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि तुमच्या घरचा खंडोबाचा टाक असे सगळे देव स्टीलच्या पातेल्यात पाण्यात ठेवले आणि मागणं मागितलं, की सामना एकतर्फी होऊ दे.

कोणाच्या बाजूने, ते सांगायचं राहून गेलं.

सकाळी आठला मी त्यांच्या बुकित तिमाहच्या घरी हजर झालो. ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती, कारण म्हणून घरगुती अडचण लिहिलं होतं. माझ्यावर काम सोपवलं होतं ते ऑक्सिमीटरचं. दर दहा मिनिटांनी तो चिमटा चंद्रूच्या बोटाला लावायचा आणि नाडीचा आकडा वहीत लिहायचा. शंभराच्या वर गेला की टीव्ही बंद करायचा हुकूम होता. चंद्रू कॉलेजचा जुना लाल टी-शर्ट घालून सोफ्यावर बसला होता. तो टी-शर्ट घेतला तेव्हा त्याला पोट नव्हतं. दुसऱ्या बाजूला इरा, त्याची मुलगी, जिला आज दुपारपर्यंत लेक्चर नव्हतं आणि घरात खेळाचे नियम कळणारी तेवढी दुसरी. आणि खाली सतरंजीवर तन्मय. हा आमच्या टीममधला नवा मुलगा, मूळ ठाण्याचा, आवाज थेट ठाण्यापर्यंत पोचेल असा. त्याला तोंडातून ब्र काढायचा नाही या अटीवर घरात घेतलं होतं. त्याने येताना हॉकर सेंटरमधून, म्हणजे इथल्या खाऊगल्लीतून, बटाट्याचे तळलेले करीपफ आणले होते. वहिनींनी ते दारातच जप्त केले आणि आम्हा सगळ्यांपुढे बिनमिठाच्या भाजलेल्या मखाण्यांचा वाडगा ठेवला. (मखाणे तसे वाईट नसतात. चव नसते एवढंच.)

सुरुवातीला चंद्रूची नाडी बहात्तर होती आणि मी तो आकडा वहीत दोनदा लिहिला. पाचव्या मिनिटाला समोरच्यांनी पहिले सात गुण घेतले. चंद्रू म्हणाला, ठीक आहे. मग चौदा झाले. मग आपला एकजण चेंडू घेऊन पळता पळता स्वतःच्याच माणसावर आपटला, चेंडू निसटला, आणि एकवीस झाले. मी दर वेळी चिमटा लावतोय, दर वेळी सत्तरच्या आसपास. अठ्ठावीसला तर अडुसष्ट. मी खुशीत येऊन वहीत अडुसष्टखाली दोन रेघा मारल्या, तेवढ्यात चंद्रूने माझ्याकडे असं बघितलं की मी मान खाली घातली. हरणाऱ्या माणसाच्या शेजारी बसून मनातल्या मनात पेढे वाटणं फार अवघड असतं, दादा. चेहरा नक्की कुठे ठेवावा तेच कळत नाही.

मध्यंतराला अडतीस विरुद्ध शून्य होते. इरा फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, “बाबा, धिस वन ओव्हर ऑलरेडी लाह.” टी-शर्टवरच्या कॉलेजच्या नावावर पडलेला मखाण्याचा चुरा चंद्रू एकेक करून झटकत राहिला. पंचवीस वर्षं वाट बघितलेला माणूस, आणि पाटी कोरी. मला बघवेना. मी पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेलो, तर तिथे वहिनी पातेल्यासमोर हात जोडून उभ्या, डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, “भाऊजी, हे मी केलं.” मी म्हटलं, अहो, त्यांचा बचावच कच्चा आहे. (हे इरा म्हणाली होती. मला बचाव कुठला आणि हल्ला कुठला ते अजून कळलेलं नाही.) पण त्यांनी ऐकलं नाही. निदान एकदा तरी चंद्रूच्या कॉलेजला गुण मिळू देत, भोपळा नको, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. आणि मनासारखं झाल्यावरच देव बाहेर काढायचे असतात, तर एकतर्फी तर झालंच आहे, मग काढायला हरकत काय, असा त्यांनी मला सवाल केला. दादा, असल्या बाबतीत निर्णय द्यायची माझी लायकी नाही, पण मी हो म्हणालो. आम्ही दोघांनी मिळून देव काढले. त्यांनी पुसले आणि मी देव्हाऱ्यात ठेवले. (खंडोबाचा टाक मी उलटा ठेवला होता, तो नंतर त्यांनी सरळ केला.)

आता यापुढचं मी जसं झालं तसं सांगतो, त्यावरून काय समजायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी सोफ्यावर परत येऊन टेकलो, आणि चंद्रूच्या कॉलेजचा एक किडकिडीत पोरगा चेंडू पोटाशी धरून जो सुटला तो मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊनच थांबला. अडतीस-सात. तन्मय अट विसरला. नुसता विसरला नाही, सतरंजीवरून उडाला आणि मखाण्यांचा वाडगा उपडा केला. चंद्रू सोफ्याच्या कडेला सरकला. नाडी अठ्ठ्याऐंशी. पुढच्याच डावात समोरच्यांनी फेकलेला चेंडू आपल्या एकाने मधेच पकडला आणि आता गोलरेषा हाकेच्या अंतरावर. चंद्रू उभा राहिला. मी उभ्याउभ्याच त्याच्या बोटाला चिमटा लावला. एकशे चार. हुकमाप्रमाणे मी रिमोट उचलला. चंद्रूने माझ्या मनगटाला धरलं आणि टीव्हीवरची नजर न काढता अगदी हळू म्हणाला, “प्रमोद, बंद केलास तर जन्मात बोलणार नाही.” एका हातात चिमटा, दुसऱ्या हातात रिमोट, मनगट त्याच्या हातात, आणि माझ्या मनात फक्त तुमचा चेहरा. मी खरंच घाबरलो होतो, दादा. ऑक्टोबरातली ती अँब्युलन्स मला आठवली आणि माझ्याने बटण दाबवेना आणि न दाबताही राहवेना. मी फक्त स्वयंपाकघराकडे बघून वहिनींना हाक मारली.

आतून भांड्याचा आवाज आला, नळ सुटल्याचा आवाज आला. (आयुष्य पाटबंधारे खात्यात काढलंत तुम्ही, पण इतक्या तातडीने पाणी सोडलेलं कधी बघितलं नसेल.) इकडे पडद्यावर आपल्या माणसाने चेंडू फेकला, तो थेट समोरच्याच्या हातात, आणि तो गडी हे सगळं मैदान उलटा पळत जाऊन पलीकडे पोचला. पंचेचाळीस-सात. चंद्रू खाली बसला. पाच मिनिटांनी नाडी शहाऐंशी, पंधरा मिनिटांनी चौऱ्याहत्तर. पुढे आणखी दोनदा तसंच झालं आणि एकोणसाठ-सातवर सामना संपला. देव अजून पातेल्यातच आहेत. वहिनी म्हणाल्या, आजचा दिवस राहू देत, उद्या काढू.

जिंकलेली पोरं पडद्यावर नाचत होती. मला वाटलं आता चंद्रू रडणार. तर तो सोफ्यावर मागे टेकून बसला आणि हसला. म्हणाला, “बारा वाजले रे. सकाळपासून मी एकदाही छातीवर हात ठेवून बघितला नाही. विसरलोच.” मग म्हणाला की तीन महिन्यांत असं आज पहिल्यांदा झालं, साडेतीन तास त्याला फक्त मॅचचं दुःख होतं. मी उगाचच सांडलेले मखाणे गोळा करायला लागलो. वहिनींनी जप्त केलेले करीपफ बाहेर काढले आणि त्यातला अर्धा स्वतःच्या हाताने त्याला दिला. अर्धाच, पण दिला.

तेव्हा काळजी नसावी. आमच्या ऑफिसातला एकजण उद्या पुण्याला निघतोय, त्याच्याबरोबर हे पत्र देतो, शुक्रवारपर्यंत कराडला तुमच्या हातात पडेल. मीरावहिनींना नमस्कार. तब्येतीला जपा, डोळ्यात औषध वेळेवर घाला.

आपला आज्ञाधारक (निदान आजपुरता),
प्रमोद

ता. क. : गडबडीत इराने तो चिमटा मजा म्हणून माझ्या बोटाला लावला होता. एकशे सव्वीस. हे उल्काला कळवू नये. मी उद्यापासून जिने चढणार आहे.

दुसरा ता. क. : दादा, खरं म्हणजे एवढंच लिहायला बसलो होतो आणि भलतीच पानं भरली. निघताना चंद्रू मला सोडायला लिफ्टपर्यंत आला. तिथे त्याने मला बाजूला घेतलं. आजारपणापासून रोज सकाळी तुमचा फोन येतो. तुम्ही हळू आवाजात विचारता, बाळा, छातीत काही होत नाही ना, आणि म्हणता, काय लागेल ते मला सांग. चंद्रू म्हणाला, “दादानं मला जन्मात बाळ म्हटलं नाही रे. पन्नास वर्षं गाढव म्हणाला. आता इतकं गोड बोलतोय म्हणजे रिपोर्टमध्ये काहीतरी आहे, आणि तुम्ही सगळे लपवताय.” रोज तुमचा फोन ठेवला की तो तासभर गप्प बसून असतो, हे मला आज कळलं. रिपोर्टमध्ये काही नाही, दादा. मी एकूण एक कागद वाचला आहे, डॉक्टरांना दोनदा विचारलं आहे. त्याला शपथेवर सांगितलं, तो नुसता मान हलवत राहिला. माझ्यावर त्याचा विश्वास बसणार नाही, तुमच्यावर बसेल. म्हणून विनंती एकच. शनिवारी सकाळी फोन कराल तेव्हा छातीचं नाव काढू नका. कामाच्या दिवशी ऑफिस सोडून टीव्हीसमोर बसतोस, लाज वाटत नाही का, आणि वर बावन्न गुणांनी मार खातोस, असं विचारा. तो मधे बोलायला लागला तर बोलू देऊ नका. आवाज चढला तर चढू दे. अर्धा तास चांगलं झाडा त्याला, पूर्वी झाडायचात तसं. त्याला बरं वाटेल.