नकाशात नसलेली चौथी भिंत

प्रति,
मा. उपअभियंता साहेब,
टंचाई निवारण कामे, छावणी कार्यालय,
काळटेक फाटा, ता. पारनेर, जि. अहमदनगर.

विषय : काळटेक खडी केंद्रावरील सुरुंगाची जागा चाळीस फूट सरकवण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा दि. ८ जानेवारी १९७३ चा अर्ज.
२) त्यावरील आपल्या कार्यालयाचा शेरा, "नकाशात भिंत नाही".

महोदय,

अर्जदार ही कै. राधाकृष्ण सूर्यभान ठुबे यांची मुलगी असून नगर येथे शिक्षिका आहे. वडिलांनी बांधकाम खात्यात एकतीस वर्षे नकाशे काढले. निवृत्तीनंतर, १९६९ साली, त्यांनी काळटेकाच्या पायथ्याशी स्वतःच्या जमिनीच्या कडेला घर बांधले. गेल्या कार्तिकात ते वारले. सध्या त्या घरात अर्जदाराची आई मालनबाई राहते, आणि तिच्यासोबत बिनपगारी रजा घेऊन अर्जदार.

घराविषयी थोडे सांगणे भाग आहे. वडिलांनी जागा सपाट केली नाही. उतार होता तसा ठेवून घर तीन पायऱ्यांनी खाली उतरवले. वाटेत कडुनिंब आला, तर पडवी त्याला वळसा घालून नेली. मागे टेकाचा उभा कातळ होता, म्हणून तिथे भिंत घातलीच नाही. दोन्ही बाजूंच्या भिंती कातळाला नेऊन भिडवल्या आणि वर कौले टाकली. कातळाच्या एका चिरेतून पाणी ठिबकते. त्याखाली त्यांनी दगडात पन्हळ कोरून हंडा ठेवला. गाव हसले. आज आपल्या केंद्रावर मुकादम असलेले मच्छिंद्र तेव्हा म्हणाले होते, "आप्पा, एक भिंत सासुरवाडीला इसरून आलात का काय?" वडील म्हणाले, ती आधीच बांधून झाली होती.

या प्रकरणातील मूळ चूक वडिलांची आहे, हे अर्जदार मान्य करते. आपण जे बांधले नाही ते आपल्या सहीच्या नकाशात काढायचे नाही, हा त्यांचा खात्यातला नियम होता. घरपट्टीच्या नोंदीसाठी नकाशा देताना त्यांनी तीन भिंती काढल्या आणि चौथी बाजू कोरी सोडली. तो कागद पाहून नोंद झाली : "तीन भिंती. बांधकाम अपूर्ण. वस्ती नाही." वडिलांनी ती वाचली, हसले आणि ट्रंकेत ठेवून दिली. दुरुस्त करून घेतली नाही.

गेल्या मार्गशीर्षात टेकावर खडी केंद्र सुरू झाले. राहत्या घरापासून दोनशे फुटांच्या आत सुरुंग घेऊ नये, असे फाट्यावरील फलकावर लिहिले आहे. परंतु नोंदीप्रमाणे तिथे राहते घर नाही, म्हणून सध्या सुरुंग एकशे साठ फुटांवर घेतला जातो. अर्जदार दोनदा आपल्या कार्यालयात आली. लिपिकांनी बसायला खुर्ची दिली, नकाशा उलगडला आणि कोऱ्या जागेवर बोट ठेवले. "हितं तर मोकळं हाय, बाई." ज्याची सही आहे त्याने समक्ष येऊन नकाशा दुरुस्त करावा, असे त्यांनी सांगितले. अर्जदाराने मृत्यूचा दाखला दिला. तो फाइलीला जोडण्यात आला आणि शेरा तसाच राहिला. मग त्यांनी आपुलकीने सुचवले की कातळाच्या अलीकडे एक भिंत घालून घ्या, म्हणजे घर पूर्ण झाल्याची नोंद होईल. भिंत बांधायला पाणी लागते, ते या वर्षी फक्त त्या कातळातूनच मिळते. आणि भिंत घातली, की घरातले तेच पाणी तिच्या पलीकडे राहील.

केंद्रावर दोनशे चाळीस माणसे आहेत. गावची विहीर आटली असून टँकर तिसऱ्या दिवशी येतो. मधल्या दिवसांत खडी फोडणाऱ्या बाया आमच्या घरातल्या हंड्याचे पाणी पितात. हंडा पूर्वी दुपारपर्यंत भरे. सुरुंग जवळ आल्यापासून त्याला पूर्ण दिवस लागतो. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ती घरात कातळाला हात लावत फिरते. सुरुंगाआधीची शिट्टी झाली की दोन्ही तळवे कातळावर टेकून उभी राहते, बुजलेल्या बैलाला धरावे तशी. तिला दर वेळी ओढून बाहेर आणावे लागते.

अर्जदाराने काम बंद करण्याची मागणी केलेली नाही, करणारही नाही. पहिल्या अर्जाची बातमी केंद्रावर पोचली, तेव्हा रंगुबाई हातोडी खाली ठेवून दारात आल्या. त्या आमच्या हंड्यावर रोज येतात. म्हणाल्या, "मुक्ताबाई, पानी आमी कुटूनबी आनू. काम कुटून आनायचं?" म्हणून मागणी फक्त चाळीस फुटांची आहे. पूर्वेकडे तोच दगड आहे आणि तिकडे कोणी राहत नाही.

सोबत वडिलांच्या नकाशाच्या दोन नकला जोडल्या असून एकीवर अर्जदाराने चौथी भिंत काढली आहे. त्यासाठी त्यांचेच पेन व शाई वापरली. तीन दिवस लागले. रेघ सरळ नाही, कारण मोजताना कातळावर पट्टी कुठेच टेकत नाही. वडिलांनी हा नकाशा परत केला असता, याची अर्जदारास कल्पना आहे. तरी तो स्वीकारावा.

तोही स्वीकारता येत नसेल, तर शेवटची विनंती एवढीच. मागच्या कातळाला सुरुंग कोणत्या दिवशी लावणार, ते पूर्ण एक दिवस आधी कळवावे. हंडा भरायला तेवढा वेळ लागतो, आणि त्या दिवशीही बाया पाण्याला येतील.

कळावे,
अर्जदार
मुक्ता राधाकृष्ण ठुबे
मु. काळटेक, ता. पारनेर
दि. १४ फेब्रुवारी १९७३

सोबत : १) मूळ नकाशाची नक्कल, तीन भिंती.
२) मृत्यूचा दाखला (दुसऱ्यांदा).
३) नकाशा, चार भिंती, अर्जदाराच्या हातचा.