म्हाताऱ्या उंदरांची परीक्षा

देवळाली प्रवरा
९ नोव्हेंबर २०२५

चि. प्रार्थना हिस,
बाबांचा सप्रेम सलाम, वि. वि.

फोनवर बोलावं तर आई शेजारीच असते, म्हणून जुन्या मास्तराने कागद घेतला. जूनमध्ये करोना होऊन गेल्यापासून तिचं चित्त थाऱ्यावर नाही. भाजी करपते, नासलेली आमटी ताटात येते. परवा दूध उतू जाऊन शेगडी विझली. गॅसचा वास मला फाटकापाशी आला, आणि आमच्या मरियाबाई ओट्याशेजारी खुशाल गहू निवडत बसलेल्या! मी रेग्युलेटर काढून कपाटात ठेवला. आता डबा येतो. नाताळच्या करंज्याही विकत आणू म्हटलं, तर ती हूं की चूं करत नाही. मला त्याचीच भीती वाटते.

तू प्रयोगशाळेत म्हाताऱ्या उंदरांना करोनाचा विषाणू देऊन विसराळूपणाच अभ्यासतेस ना? मग औषध कधी मिळेल ते कळव. आमची आठवण राहू दे.

तुझा बाबा,
स्टीफन

पुणे
२४ नोव्हेंबर २०२५

ती. बाबांस,
प्रार्थनाचा सलाम, वि. वि.

औषध नाही, बाबा. पण तुमच्या पत्रामुळे माझी मोठी चूक टळली.

माझे उंदीर दोन वर्षांचे, म्हणजे माणसाच्या हिशेबाने तुमच्याच वयाचे. भुश्यात पुरलेला खाऊ शोधायला शिकवले होते. विषाणू दिल्यावर बरेच चुकले आणि मी वहीत 'विसरले' असं लिहून मोकळी झाले. तुमचा तो फाटकापाशी आलेला वास वाचला आणि चपापले. खाऊ शोधायला नाक लागतं! मग आठवडाभर त्यांना भिंतीवरच्या खुणा बघून पाण्याखाली लपवलेल्या चौथऱ्यापर्यंत पोहायला शिकवलं. तिथे वासाचं काम नाही. अठरापैकी चौदा निरोगी म्हाताऱ्या उंदरांइतकेच चटकन पोचले. चार खरंच विसरत होते, ते मी लपवत नाही.

आईला डोळे मिटायला सांगून हिंगाची डबी नाकाशी धरा. डॉक्टरांना दाखवाच. रेग्युलेटर जागेवर लावा आणि ती रांधेल तेव्हा जवळ बसा. रागवा, पण माया पातळ करू नका.

तुमची,
प्रार्थना

देवळाली प्रवरा
२ डिसेंबर २०२५

माझ्या गुणाच्या लेकीस,
आईचा सलाम.

तुझ्या बाबांनी हिंग धरला, लसूण धरला, मला कसलाच वास आला न्हाई. डॉक्टर म्हनले, डोकं ठीक हाय. नाकासाठी रोज लवंग अन् लिंबू हुंगायला सांगितलंय. शेगडी परत मिळाली. करंज्या मीच तळनार, बाबा दारात खुर्ची टाकून वास घेत बसनार. लई ऐट चाललीय त्यांची.

पन एक सांगते. वास जूनपासूनच गेला हुता. वय झालं म्हनून जात असंल, असं वाटलं. मग तुझे बाबा 'विसरते, विसरते' म्हनायला लागले, तवा मलाच वाटलं, खरंच डोकं जायला लागलं. लई भ्याले. म्हनून गप बसले.

उंदरांना बोलता येत न्हाई, म्हनून तू त्यांची दोनदा परीक्षा घेतलीस, बरोबरच केलंस. मला बोलता येतंय. माझी परीक्षा घेतली, पन मला काय हुतंय ते कुनी इचारलं न्हाई.

नाताळाला ये. जीव हाय तसाच लावत राहा.

तुझी आई,
मरिया