नडगीवरची परीक्षा

चि. डॉक्टरीणबाईंस,

या पत्राची खरी किंमत म्हणजे माझ्या दोन्ही नडग्यांची सालपटं आणि मलम शिजवताना करपलेलं तुझ्या आईचं पातेलं. माझ्या मलमाच्या डबीवरचं 'जखम लवकर भरते' खोडा म्हणालीस, तेही सोसलं. पण दाराआड फोनवर मैत्रिणीला म्हणालीस, "त्या मलमात पाला कमी आणि बाबांची बढाईच जास्त." कान शाबूत आहेत हो माझे!

म्हणून तुमच्या प्रयोगशाळेसारखीच परीक्षा घेतली. दोन्ही नडग्या सारख्याच खरवडल्या. एकीला पाल्याचा अर्क घातलेलं मलम, दुसरीला नुसतं मेण आणि तेल. कुठल्या पायाला काय, ते फक्त लावणाऱ्या तुझ्या आईला ठाऊक. ती म्हणाली, "नडगीऐवजी डोकं खरवडून घ्यायचं होतं."

उजवी जखम आधी भरली. अर्काचा गारवा मला पहिल्याच दिवशी त्या पायात कळला होता. उगाच नाही हातगाडीवरून दुकान उभं केलं! डबीवरचं अक्षरही खोडणार नाही, सांग तुझ्या इस्पितळातल्या साहेबांना.

तुझा न हरलेला बाप

ता. क. पाकीट चिकटवायला आईकडे डिंक मागितला. ती म्हणाली, "अर्क डाव्या पायाला होता."