रविवारच्या गाठी

बोरगाव (ता. सौंसर)
रविवार, १० सप्टेंबर १९८९

प्रिय वंदना,

सप्रेम जयभीम.

तुझं चार पानी पत्र आलं तेव्हा मी उपकेंद्रात लसींची पेटी उघडून बसले होते. पोरं रडत होती, त्यांच्या आया माझ्या तोंडाकडे बघत होत्या आणि मी पत्र वाचत होते. सरकारी नर्सनं असं वागू नये. पण भाची फार्मसीत पहिली आली म्हटल्यावर सरकारनं पाच मिनिटं थांबायला काय हरकत आहे?

वर्गात सरांनी फळ्यावर मेथोट्रेक्सेटचं चित्र काढलं आणि तू एकदम ताठ बसलीस, हे वाचून मला हसूही आलं आणि डोळेही भरले. लहानपणी दर रविवारी गिळलेली ती पिवळी गोळी! पेशीला वाढायला फोलिक आम्ल लागतं, ते कामाजोगं करून देणारं एक एन्झाइम असतं, आणि हे औषध फोलिक आम्लासारखं रूप घेऊन त्याच्याच जागेवर जाऊन बसतं, ते उठतच नाही. मग भराभर वाढणाऱ्या वाईट पेशी उपाशी मरतात. किती सोपं करून लिहिलंस ग. सरांनी कुलूप आणि किल्लीचा दाखला दिला म्हणतेस. तुझ्या बाबांनी तुला हेच दहा वर्षांची असताना सांगितलं होतं, आठवतं? संत्र्याचं कलम बांधताना. जंबेरीच्या खुंटाच्या सालीला खाच पाडली आणि तिच्यात दुसराच एखादा वाळका डोळा बसवून बांधला, की संत्र्याच्या डोळ्याला जागाच उरत नाही. "तुही गोळी तसंच करून राहिली," असं म्हणाले होते. नागपूरच्या डॉक्टरांचं बोलणं त्यांनी असं आपल्या कामात बसवून घेतलं होतं.

तू विसरली असशील. कारण पत्राच्या शेवटी तू लिहिलंस की चोवीस तारखेच्या बक्षीस समारंभाला आई आणि मावशी या, बाबांना आणू नका. ज्या माणसानं गोटमार बघण्यापायी माझी गोळी चुकवली, त्याच्यासमोर मला त्याच औषधावर बोलता येणार नाही, असं लिहिलंस. ते वाचून मी पेटीचं झाकण लावलं आणि उरलेल्या पोरांना दुसऱ्या दिवशी बोलावलं.

आता नीट बसून वाच.

तू आजारी पडलीस तेव्हा सगळ्यांनी आशा सोडली होती, हे तुला सांगायची गरज नाही. फक्त नागपूरचे डॉक्टर म्हणाले, लहान मुलांचा रक्ताचा कॅन्सर आता बरा होतो, पण दोन-अडीच वर्षं औषध चुकता कामा नये, आणि आम्हाला विचारल्याशिवाय दुसरं काही देऊ नका. रविवारच्या गोळ्यांची डबी तुझ्या बाबांकडे होती. सुया आणि ताप बघणं माझ्याकडे. एक्क्याऐंशीच्या उन्हाळ्यात तू अगदी पांढरीफटक दिसायला लागलीस. तुझे हात बघून मला जेवण जाईना. आणि मी कोण? दहा गावांच्या गरोदर बायांना रक्तवाढीच्या लाल गोळ्या वाटणारी प्रमिला नर्स. मला कोण शिकवणार? मी पाकीट पदराखाली आणलं आणि रोज एक गोळी तुला द्यायला लागले. तुला सांगितलं, हे आपलं दोघींचं गुपित. तू ती गोड म्हणून चोखायचीस आणि मी ओरडायची, अगं गीळ! तीन महिने हे चाललं.

सप्टेंबरात रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी चांगल्याच वर गेलेल्या. डॉक्टरांनी कागदावरून मान वर केली आणि विचारलं, गोळी चुकली का? तुझ्या आईनं तिथल्या तिथे तुझ्या बाबांकडे बोट केलं. तीस ऑगस्टला, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवार होता. तुझी आई माझ्याकडे बोरगावला आली होती, तू शेजारच्या देवकाबाईंकडे, आणि तुझे बाबा पांढुर्ण्याला रोपवाटिकेत कामाला. तिकडे जाम नदीवर गोटमारीची दरवर्षीची दगडफेक चाललेली, बसा बंद. दिवेलागणीला घरी येऊन पोरीला गोळी दिली, असं ते म्हणत होते. तू झोपेत होतीस, तुला काही आठवेना. बसा बंद असताना पांढुर्ण्याहून आले कसे, म्हणून कुणी विश्वास ठेवला नाही. सायकलनं आलो म्हणाले, तर तुझी आई गुलाब हसली, गोटमार बघत बसला असाल म्हणाली.

मग डॉक्टर बाजूच्या बाकावरच्या एका बाईशी बोलायला लागले. तिचा मुलगाही याच औषधावर होता. म्हणाले, टॉनिक नको, त्या लाल गोळ्या तर नकोच. त्यात फोलिक आम्ल असतं. आपण औषधानं वाईट पेशींचा दाणापाणी तोडतो आणि तुम्ही मागच्या दारानं तोच पोचवता, औषधाचा जोर कमी पडतो. वंदना, मी तिथे उभी होते. त्याच गोळ्या मी तुला देत होते. आणि मी काही बोलले नाही.

परतीच्या बसमध्ये गुलाबनं सावनेरपासून लोधीखेडापर्यंत तुझ्या बाबांना नको नको ते ऐकवलं. सगळी बस ऐकत होती. मी खिडकीतून बागा बघत राहिले. घरी पोचल्यावर तिनं डबी त्यांच्या हातातून काढून घेतली. मी त्याच संध्याकाळी पाकीट उपकेंद्रामागच्या कडुनिंबाखाली पुरलं. पुढच्या महिन्यात तुझा रिपोर्ट हवा तसा आला. सगळे म्हणाले, बघा, आईच्या हातात डबी आली आणि पोरगी सावरली! मीसुद्धा मान डोलावली. आठ वर्षं डोलावत आले. तू तेच ऐकत मोठी झालीस, आणि बापाशी तुटक बोलायला शिकलीस, त्याला कारण मी.

तुझं पत्र वाचून मी सायकल काढली आणि थेट सौंसर गाठलं. तुझे बाबा ओट्यावर चाकूला धार लावत होते. मी रडत रडत सगळं सांगितलं. त्यांनी चाकू बाजूला ठेवला आणि ते म्हणाले, "बाई, मले तवाच समजलं होतं. पोरीची जीभ लाल दिसे. डॉक्टर लाल गोळीचं बोलले तवा म्या तुमच्याकडं पाह्यलं, तुमचं तोंड उतरलं होतं." मी विचारलं, मग बोलले का नाही? तर म्हणाले, "तुमच्यावरचा भरवसा गेला असता तं पोरीले सुई कोण टोचलं असतं? गुलाबनं तुमाले दारात उभं नसतं केलं. म्या ऐकून घेतलं तं पोरीचं काय बिघडलं?" एवढं बोलून ते पुन्हा धार लावायला लागले. मला त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं, पण त्यांनी चहा मागवला.

तुझ्या आईला मी त्याच दिवशी सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि त्यात तिचं काही चुकलं नाही. तिसऱ्या दिवशी गेले तर तव्यावरची पहिली भाकर तिनं त्यांच्या ताटात वाढली आणि शेजारी बसून राहिली.

या पत्रासोबत एक सुतळी पाठवते आहे, ती सांभाळ. तुझ्या बाबांचं अक्षरांशी फार जमत नाही, म्हणून ते दर रविवारी तुझ्या तोंडात गोळी गेली की सुतळीला एक गाठ मारायचे. डबी आईकडे गेल्यावरही दारात उभे राहून बघायचे आणि गाठ मारायचे. त्या दिवशी बसमध्ये त्यांचा एक हात सारखा खिशात होता. आत काय होतं ते मला या आठवड्यात कळलं. गाठी मोज. एकशे अठरा आहेत, तेवढेच रविवार. तिसावी गोटमारीच्या दिवसाची, सायकलवर चाळीसेक किलोमीटर येऊन मारलेली. ती दाखवायला मी सुतळी मागितली तर म्हणाले, "राहू द्या, शिकून राहिली पोरगी, तिचं मन कायले मोडता?" मी न ऐकता पाठवली. जो राग धरायचा तो माझ्यावर धर, तो माझा आहे. पण समारंभाचं बोलावणं बाबांच्या, दादाराव या नावानं, तुझ्या हातानं लिहून पाठव. ते पहिल्या रांगेत बसतील. मी मागे कुठेही बसेन.

तुझीच,
प्रमिलामावशी